एआयमध्ये आपलं म्हणणं कुठं मांडायचं? खान्देशातून तीन वाटांची तुलना

आठवड्यातला तासभर मोकळा आहे आणि एआयच्या कारभारात आपलाही हात लागावा असं वाटतं, तर तो तास घालायचा कुठं? जळगाव-धुळे-नंदुरबारात बसून आज तीन वाटा खरोखर मोकळ्या आहेत: एआयला भाषा शिकवण्यासाठी आपला आवाज देणं, सरकारी मसुद्यावर सूचना-हरकती पाठवणं, आणि ग्रामसभेत किंवा माहितीच्या अधिकारात प्रश्न लावून धरणं. तिन्हींना लोकसहभागच म्हणतात. पण पहिल्या वाटेवर आपण कच्चा माल देतो, दुसरीवर मत, आणि तिसरीवर जाब विचारतो.

आवाज द्यायचा तर मुख्य पर्याय दोन. केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये भारतीय भाषांचं भाषांतर आणि आवाज ओळखण्यासाठी भाषिणी सुरू केली. तिच्या 'भाषादान' उपक्रमात वाक्य वाचून दाखवता येतं, ऐकलेलं लिहून देता येतं, दुसऱ्यानं केलेलं तपासता येतं. दुसरा पर्याय मोझिलाचा (फायरफॉक्स ब्राउझरवाल्यांचा) कॉमन व्हॉइस, २०१७ पासूनचा. मराठी त्यातही आहे. दोन्ही मोबाइलवर होतात, दोन्हीत पैसे मिळत नाहीत. भाषिणीला दिलेला आवाज सरकारी सेवांच्या कामी येतो, पण तोही खुल्या साठ्यासाठीच गोळा होतो. कॉमन व्हॉइसचा साठा तर सगळ्यांनाच खुला असतो: विद्यापीठातल्या पोराला प्रोजेक्टसाठी फुकट मिळतो आणि त्याच न्यायानं अब्जावधींच्या कंपनीलाही फुकट मिळतो. हे खटकत असेल तर आधीच विचार करा, नंतर परत मागण्यात अर्थ नाही. आवाजाच्या कामाचे पैसेच हवे असतील तर बंगळूरची कार्या ही संस्था तासाला साधारण ५ डॉलरनं काम देते. पण ते काम निघेल तेव्हा, निघेल त्या भाषेत.

आपली खरी अडचण अहिराणीची. २०११ च्या जनगणनेत 'खान्देशी' ही वेगळी भाषा म्हणून मोजली आहे, अहिराणी तिच्यातच धरली आहे, आणि बोलणारे १८ लाखांच्या वर आहेत. भाषिणीचा भर मात्र आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर, त्यात ती नाही. भिलीला सप्टेंबर २०२५ मध्ये आदिवासी कार्य मंत्रालयाच्या 'आदि वाणी'त जागा मिळाली, अहिराणी दोन्हीकडून बाहेर. कॉमन व्हॉइसवर नवी भाषा मागता येते, पण आधी हक्कमुक्त वाक्यांचा ढीग लिहून द्यावा लागतो. ते एकट्याचं काम नाही, एखाद्या कॉलेजच्या मराठी विभागानं उचलावं असं आहे. तोवर मराठी वाक्यं आपल्याच हेलात वाचा आणि प्रोफाइलमध्ये तो हेल कुठला ते लिहा. आकाशवाणीच्या बातम्यांचा सूर काढून वाचलंत तर सगळी मेहनत पुण्याच्या खात्यात जमा.

दुसरी वाट थोडक्यात. एआयच्या नियमनावरचा केंद्र सरकारच्या उपसमितीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये जनतेच्या सूचनांसाठी खुला झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यावरून मार्गदर्शक तत्त्वं निघाली. हा कायदा नव्हे, हे लक्षात ठेवा. अहवाल इंग्रजीत, मुदत आठवड्यांची. एकट्यानं चार ओळी पाठवायच्या तर मी हा तास इथं घालणार नाही. शेतकरी उत्पादक कंपनी, वाचनालय, वकील संघ असं कुणाचं लेटरहेड असेल आणि घडलेला एखादा दाखला हाताशी असेल, तर मात्र पुढच्या मसुद्यावर जरूर पाठवा. मसुदा पक्का झाल्यावर एक शब्द हलवायलाही मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

तिसरी वाट कुणी एआयची मानतच नाही, आणि माझं मत तिच्याच बाजूचं आहे. पंचायती राज मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये 'सभासार' आणलं: ग्रामसभेचं रेकॉर्डिंग दिलं की इतिवृत्त तयार. सुरुवात त्रिपुरात झाली. त्याचा कान भाषिणीचाच. आता साक्री तालुक्यातली बाई उभी राहून म्हणते, "आमना गल्लीमा पाच दिनपाइन पानी उनं नही." ('उनं' म्हणजे 'आलं'.) प्रोसिडिंगला पाण्याची तक्रार येईल की उन्हाची? हाती लिहिणारा ग्रामसेवक (पदाचं नाव बदललं, गावाच्या तोंडातलं नाही) निदान अहिराणी समजणारा असतो. सभासार आपल्या पंचायतीत आलं का, आणि आलं असेल तर सहीआधी इतिवृत्त सभेत वाचून दाखवावं, एवढा ठराव कुठलाही मतदार मांडू शकतो.

पीकविम्याचंही तसंच. रावेर-यावलचे केळीवाले हवामान केंद्राचा आकडा कुठल्या मंडळातला धरला यावर वर्षानुवर्षं भांडतात, त्यांना हे शिकवायला नको. उपग्रह आणि संगणकाच्या आधारे उत्पादनाचा अंदाज बांधणारी येस-टेक पद्धत विम्यात २०२३ पासून आली आहे. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि महाराष्ट्राच्या नियमानं विषय एकच, शब्द १५०. तेवढ्यात हे बसतं (उंबरठा उत्पादन म्हणजे ज्याच्या खाली पीक गेलं की भरपाई मिळते तो आकडा): 'आमच्या महसूल मंडळात, या पिकासाठी, या हंगामात उंबरठा उत्पादनाशी तुलना करताना पीक कापणी प्रयोगाला किती टक्के वजन दिलं आणि तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किती?' 'एआयचा वापर होतो का' असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच येणार.

या वाटेत कष्ट जास्त आणि वाईटपणाही येतो. आवाज देणाऱ्यावर गावात कुणी डोळे वटारत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे मात्र हिला आणखी एक जोर आहे. पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) २०१४ च्या राज्य नियमांनी तिथं पाड्यालाही स्वतःचं गाव म्हणून वेगळी ग्रामसभा मागता येते, आणि पाड्याच्या सभेत इतिवृत्त भिली-पावरीत सांगा असा आग्रह धरता येतो.