झूकीपरचा झेडके-सीएलआय: पावसाळाभर रोज वापरल्यानंतर

झूकीपर सांभाळायची जबाबदारी अंगावर आली असेल तर त्याच्यासोबतच येणारा झेडके-सीएलआय, म्हणजे कमांड टाइप करून चालवायचा शेल, नीट शिकून घ्या, असं मी आता खात्रीने सांगतो. महापेला आमचा पाच सर्व्हरचा क्लस्टर आहे. एचबेस हा डेटाबेस, सोलर हे सर्च इंजिन आणि आमच्या बॅच जॉब्जची लॉक्स (एक काम एका वेळी एकानेच करावं म्हणून), सगळं त्याच्यावर. मे महिन्यात हे काम माझ्याकडे आलं तेव्हा टीम ब्राउझरमधलं एक टूल वापरायची. नव्या सर्व्हरवर ते टाकायला सिक्युरिटीवाल्यांनी परवानगी दिली नाही, म्हणून शेलवर यावं लागलं. आज ते टूल परत दिलं तरी रोजच्या कामाला मी शेलच उघडेन.

ज्यांना झूकीपर नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बऱ्याच मशीनवर पसरलेल्या प्रोग्राम्सना लीडर कोण, लॉक कोणाकडे, कॉन्फिग कुठलं हे एकमताने ठरवायला ही सामाईक जागा. सुरुवात याहूमध्ये झाली, आता प्रकल्प अपाचेचा आहे. आत फोल्डरसारखं झाड असतं, त्यातली प्रत्येक जागा म्हणजे झेडनोड, आणि एका झेडनोडमध्ये डेटा साधारण १ एमबीपर्यंतच मावतो. पाचपैकी तीन सर्व्हर जिवंत असले की कोरम, म्हणजे काम चालायला लागणारं बहुमत, टिकतो.

शेलची खरी किंमत मला कळली ती झेडनोडची सगळी माहिती दाखवणाऱ्या 'गेट डॅश एस'मुळे. ऑगस्टमध्ये आमच्या टीममधली नवी मुलगी सकाळीच येऊन म्हणाली, "सर, रात्रीचा जॉब कधीच मेलाय, मग त्याचं लॉक अजून कसं काय आहे?" झूकीपरमध्ये लॉक सहसा इफेमरल झेडनोडचं असतं. ज्या सेशनने (प्रोग्रामची झूकीपरशी चालू असलेली जोडणी) तो बनवला ते सेशन संपलं की झेडनोड आपोआप जातो. तिलाच कमांड द्यायला सांगितली. खाली ओळी आल्या: कधी बनला, शेवटचा कधी बदलला, डेटा व्हर्जन किती, मुलं (खालचे झेडनोड) किती. त्यांतली इफेमरल ओनरची ओळ मी तिला दाखवली. तिथे सेशनचा लांबलचक नंबर हवा होता, दिसत होतं नुसतं ०x०. म्हणजे हा झेडनोड इफेमरल नव्हताच, कायमचा होता. कोडमध्ये लॉक बनवताना मोडच चुकीचा गेला होता. जॉब मरो की मशीन जळो, ते लॉक आपणहून सुटणार नव्हतं. दोन मिनिटांत निदान झालं. तेव्हापासून ती स्वतःच सगळ्यांना ती ओळ आधी बघायला सांगते.

उलटंही होतं. ओनरचा नंबर असतो, पण जॉब अडकलेला असतो. हार्टबीट, म्हणजे 'मी जिवंत आहे' हा संदेश, पाठवणारा थ्रेड वेगळा असल्यामुळे सेशन जिवंत राहतं आणि लॉकही. अशा वेळी हे सेशन कुठल्या मशीनचं, हे शेल सांगत नाही, आणि ही उणीव मला खरंच खटकते. त्यासाठी २१८१ पोर्टवर 'कॉन्स' ही चार अक्षरी कमांड एकेका सर्व्हरला वेगळी पाठवावी लागते. ३.५.३ पासून अशा कमांड्सपैकी फक्त 'एसआरव्हीआर' मुळात चालू असते, बाकीच्या कॉन्फिगमध्ये परवानगी देऊन उघडाव्या लागतात. हे काम गडबडीच्या रात्रीआधीच करून ठेवा.

लिहिण्याच्या बाबतीत एक सवय टीमला लावली आणि तिचा फार उपयोग झाला: 'सेट'ला नेहमी 'डॅश व्ही' लावून डेटा व्हर्जन द्यायचं. मी वाचलं तेव्हा व्हर्जन ७ होतं आणि मधल्या वेळात दुसऱ्या कोणी बदल केला, तर माझं 'सेट' नाकारलं जातं. दोघं एकाच वेळी कॉन्फिगला हात घालतात तिथे एवढं एक आकडा देणं पुरतं.

वाचताना मात्र एक लक्षात ठेवा. उत्तर येतं ते तुम्ही ज्या सर्व्हरला जोडलेले आहात त्याच्याकडून, आणि तो लीडरच्या किंचित मागे असू शकतो. शंका आली की आधी 'सिंक', मग 'गेट'.

प्रॉम्प्टही (कमांडच्या आधी दिसणारा मजकूर) बोलतो. कंसात 'कनेक्टेड'ऐवजी 'कनेक्टिंग' दिसत राहिलं आणि नेटवर्क ठीक असेल, तर कोरमकडे बघा. जोरदार पावसात लोकल बंद पडली की मी ठाण्याच्या घरून फोनच्या हॉटस्पॉटवर काम करतो. तिथे ब्राउझरमधलं टूल पान उघडायलाच वेळ घेत असे. शेलला चार ओळी ये-जा झाल्या की भागतं.

आता धोका. 'डिलीटऑल' काहीही न विचारता अख्खी फांदी उडवतं. खात्री करून घेणारा प्रश्न नाही, कचरापेटी नाही. जुन्या लेखांत 'आरएमआर' दिसेल, त्याचंच हे नवं नाव. आम्ही प्रॉडक्शनच्या महत्त्वाच्या फांद्यांवर एसीएल (कोणाला काय करता येईल याची यादी) लावून डिलीटचा हक्क वेगळ्या युजरकडे ठेवला. एसीएल वरून खाली झिरपत नाही, प्रत्येक झेडनोडचा वेगळा असतो, त्यामुळे हे काम कंटाळवाणं आहे. तरी करा.

स्क्रिप्टसाठी मात्र हा शेल मी वापरत नाही. दर कमांडला नवीन जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं इंजिन) उठतं, आणि हव्या त्या एका ओळीआधी कनेक्शनच्या, वॉचरच्या ओळी येतात, त्या गाळत बसावं लागतं. तिथे पायथनची काझू लायब्ररी बरी. त्याच काझूवर बांधलेला झेडके-शेल नावाचा वेगळा शेल आहे. त्यात झाड दाखवणारी 'ट्री' आणि शोधायला 'फाइंड' आहे, मोठ्या झाडात फिरताना मी तो उघडतो.

वॉच, म्हणजे झेडनोड बदलला की कळवणारी सूचना. त्याबद्दल एवढंच: 'गेट डॅश डब्ल्यू'चा वॉच एकदाच वाजतो, पुन्हा हवा तर पुन्हा लावा. ३.६ पासूनचा 'अ‍ॅडवॉच' टिकून राहतो आणि खालच्या फांद्यांवरही नजर ठेवतो. डिप्लॉयमेंटच्या वेळी एका खिडकीत तो चालू असतो. काय बदललं ते दिसतं, नवीन डेटा काय ते दिसत नाही, त्यासाठी 'गेट' करावंच लागतं.

तुमच्याकडे झूकीपर फक्त काफ्का या मेसेजिंग सिस्टीमसाठी असेल तर वेळ केआराफ्ट (काफ्काची झूकीपरऐवजी आलेली स्वतःची व्यवस्था) शिकण्यात घाला. २०२५ मध्ये आलेल्या काफ्का ४.० ने झूकीपर पूर्णपणे काढून टाकलाय. एचबेस किंवा सोलरक्लाउड असेल तर टेस्ट क्लस्टर उभा करा, एक इफेमरल झेडनोड बनवा, शेल बंद करा आणि दुसऱ्या खिडकीतून तो जाताना बघा.