थायरॉइडची गोळी: बाटली, स्ट्रिप आणि सोलापूरचा उन्हाळा

सोलापुरात कुठल्याही मेडिकलवर "थायरॉइडची गोळी द्या" म्हटलं की बहुतेक वेळा काउंटरवर एक छोटी बाटली येते. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही सर्रास मिळणारी नावं. नाव कुठलंही असो, आत औषध एकच: लेव्होथायरॉक्सिन. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला जो हार्मोन पुरेसा तयार करता येत नाही, तोच बाहेरून द्यायचा, एवढं सरळ काम. सकाळी उठतानाच अंगात त्राण नसणं, पाय ओढत जिना चढणं, चेहरा सुजणं, पोट साफ न होणं, भर उन्हाळ्यातही थंडी वाजणं, हे सगळं ग्रंथी मंदावल्यामुळे होत असेल तर या गोळीला तोड नाही. "तीन महिने घेतेय, काहीच फरक नाही" ही तक्रार मात्र नेहमी ऐकू येते. तिच्या मुळाशी बऱ्याचदा दोनच गोष्टी निघतात: पहाटेचा चहा आणि बाटली ठेवायची जागा.

आधी चहाचं. ५० मायक्रोग्रामच्या गोळीत औषध किती, तर एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. तेही सगळं अंगी लागत नाही. रिकाम्या पोटी घेतली तर साधारण ६० ते ८० टक्के शोषलं जातं. मात्रा इतकी सूक्ष्म असल्यामुळे थोडासा अडथळाही भारी पडतो. म्हणून गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहा, कॉफी, दूध, बिस्किट काहीच नको. आपल्याकडे डोळे उघडले की आधी चहा, मग बाकी सगळं. तो तासभर लांबवणं जड जातं, पण गोळीचा उपयोग होणार की नाही ते तिथेच ठरतं.

नळाला पाणी येण्याचा दिवस असला की हे वेळापत्रक हमखास कोलमडतं. पाणी भरायच्या धांदलीत चहा आधी होतो, गोळी राहते, आणि मग नाश्त्यानंतर आठवण होते. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांचीही हीच अडचण. अशांनी डॉक्टरांना विचारून गोळी झोपताना घ्यावी. रात्रीच्या जेवणानंतर तीन तास गेलेले असले आणि मध्ये दूध प्यायलेलं नसलं, तर रात्रीची गोळीही छान लागू पडते. रमजानच्या रोज्यांतही हीच सोय कामी येते. एकदा ठरलेली वेळ मात्र रोज पाळायची, आज सकाळी नि उद्या रात्री असं नको.

थायरॉइडची गोळी आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांत चार तासांचं अंतर हवंच. बायकांच्या औषधांच्या डब्यात या तिन्ही गोळ्या हटकून एकत्र असतात आणि तिन्ही एकाच घोटाबरोबर जातात. पोटात लोह आणि कॅल्शियम हार्मोनला धरून ठेवतात आणि तो तसाच बाहेर पडतो. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर, कॅल्शियम रात्री, अशी वाटणी करावी; थायरॉइडची गोळी झोपताना असेल तर कॅल्शियमही दुपारकडे सरकवावं. पित्ताच्या पातळ औषधालाही हाच नियम. रोज पित्ताची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावं.

आता बाटली की स्ट्रिप. आपल्या गावच्या हवेत आमचं मत स्ट्रिपकडे झुकतं, निदान मार्च ते जूनमध्ये. हे औषध उष्णता, ओल आणि उजेड या तिन्हींनी उतरतं. लेबलवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि इथे मे महिन्यात बाहेरचा पारा ४२-४३ पर्यंत जातो. पत्र्याच्या घरात, गॅसच्या वरच्या फळीवर, टीव्हीवर किंवा खिडकीत बाटली ठेवली तर तीन महिन्यांचा साठा एकदम तापतो. शिवाय ती रोज उघडायची, म्हणजे रोज हवा आत. स्ट्रिपमध्ये निदान उरलेल्या गोळ्या बंद राहतात. तुमच्या ब्रँडची स्ट्रिप मिळत नसेल तर लहान पॅक मागा किंवा महिन्यापुरतीच खरेदी करा. बाटलीच असेल तर आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा उत्तम. आत ओल शोषणारी पुडी असेल तर ती फेकू नये, आणि जुन्या बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या नव्या बाटलीत ओतू नयेत. ओल्या हाताने गोळी काढणं हा तर थेट नासाडीचा मार्ग.

काउंटरवर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची: १२.५ आणि १२५. मधला टिंब चिठ्ठीवर पुसट असतो आणि फरक दहापट पडतो. बाटली हातात घेऊन आकडा मोठ्याने वाचावा, एक्स्पायरी बघावी, मगच पैसे द्यावेत. जनऔषधीतली गोळी स्वस्त पडते आणि घ्यायला हरकत नाही. फक्त दर महिन्याला ब्रँड बदलू नये. बदललाच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासावा.

सहा आठवडेच का? रक्तातलं हे औषध निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे नव्या डोसची पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. पंधरा दिवसांनी केलेली तपासणी म्हणजे पैसे वाया. थकवा दोन-तीन आठवड्यांत हलू लागतो, पण पूर्ण उतरायला काही महिने लागू शकतात. टीएसएचसाठी उपाशी राहावं लागत नाही. मात्र दर वेळी एकच लॅब आणि दिवसाची एकच वेळ ठेवावी, सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. केसांसाठीच्या गोळ्यांत बऱ्याचदा बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. त्या निदान दोन दिवस आधी बंद कराव्यात.

डोसचा ढोबळ हिशेब: ग्रंथी जवळपास बंदच पडली असेल तर वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्राम, म्हणजे ६० किलोला शंभरच्या आसपास. वय झालेलं किंवा हृदयविकार असेल तर सुरुवात १२.५ किंवा २५ नेच. थकवा जात नाही म्हणून स्वतःच्या मनाने डोस वाढवणं धोक्याचं: छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, आणि पुढे हाडं ठिसूळ होणं. वजन उतरवायला ही गोळी घेणाऱ्यांनाही हेच सांगणं.

टीएसएच जागेवर आला आणि थकवा तसाच राहिला, तर गोळीला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर तपासून घ्यावी. दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बाईचा थकवा निव्वळ ग्रंथीचा असेलच असं नाही. रक्त कमी असणं हे तितकंच सापडणारं कारण आहे. घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर झोपेचीही चौकशी हवी. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी बंद करायला सांगणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. आयोडीनयुक्त मीठ चालू असलं तर शिजवलेला कोबी-फ्लॉवरही रोजच्या प्रमाणात चालतो.

दिवस गेल्याचं कळलं की मात्र पुढच्या तपासणीची वाट बघत बसू नये. पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर असतं आणि गरज पाव पटीने किंवा त्याहून थोडी जास्त वाढते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. बऱ्याच जणींना आठवड्याला दोन गोळ्या जादा सांगितल्या जातात, आणि मग दर चार आठवड्यांनी टीएसएच.