डिप्रेशन आणि मूडसाठी नॅचरल सप्लिमेंट्स: बरेच महिने घेतल्यावरचा माझा अनुभव

मूडसाठी म्हणून बरेच महिने वेगवेगळी सप्लिमेंट्स घेऊन झाली, काही अजून चालू आहेत, काही बंद केली आणि एक तर मुद्दाम घेतलंच नाही. तर आता सगळं एकदा नीट लिहून काढते, कारण मी शोधत होते तेव्हा एकतर "आयुष्यच बदललं" असे रिव्ह्यू दिसायचे नाहीतर "सगळं थोतांड आहे" असे, मधलं काही सापडतच नव्हतं.

आधी माझी परिस्थिती सांगते, नाहीतर तुलना चुकेल. माझं डिप्रेशन सौम्य ते मध्यम या गटातलं. कामं होत होती पण कशात मन नव्हतं, पहाटे लवकर जाग यायची आणि परत डोळा लागायचा नाही, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड, आणि थकवा तर असा की झोपून उठल्यावरही अंगात काही नाही. जीव द्यावा असे विचार नव्हते, आणि याआधी कधी मूड एकदम वर जाऊन झोप न घेता धडाधड कामं करत सुटलेय असंही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी हे दोन प्रश्न सगळ्यात आधी विचारले आणि ते का विचारले हे मला नंतर कळलं. बायपोलर (मूड कधी खूप वर तर कधी खूप खाली जाण्याचा आजार) असेल तर सेंट जॉन्स वॉर्टसारख्या "साध्या" वनस्पतीनेही मॅनिया, म्हणजे तो मूड एकदम वर जाण्याचा टप्पा, सुरू होऊ शकतो, म्हणून आधी ते तपासणं गरजेचं असतं. काउन्सेलिंग मी सप्लिमेंट्सच्या आधी सुरू केलं होतं आणि ते आजही चालू आहे, त्यामुळे खाली जे लिहितेय ते काउन्सेलिंगच्या जोडीने झालंय, त्याच्याऐवजी नाही.

काही विकत घ्यायच्या आधी रक्ततपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही काय घ्यायचं ते नंतर ठरवू, आधी कमी काय आहे ते बघू." टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी१२ आणि व्हिटॅमिन डी. थायरॉईड मंदावला असेल तर थकवा, उदासी, वजन वाढणं, सगळं डिप्रेशनसारखंच दिसतं आणि त्यावर कुठल्या जडीबुटीचा उपयोग नाही. माझा थायरॉईड नॉर्मल निघाला, पण बी१२ बरंच कमी आणि डी पण कमी. जे पूर्ण शाकाहारी आहेत, किंवा डायबेटिससाठी मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतायत, त्यांनी बी१२ बघून घ्याच, अशांच्यात ते कमी निघण्याची शक्यता जास्त असते. आणि नुसतं फॉलिक अॅसिड घेत बसू नका, त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो पण बी१२ च्या कमतरतेने नसांचं जे नुकसान होत असतं ते आत चालूच राहतं.

बी१२ चा फरक मला सगळ्यात स्पष्ट जाणवला. तळपायाला मुंग्या यायच्या त्या हळूहळू गेल्या, दुपारी डोकं जड व्हायचं ते कमी झालं, वाचलेलं लक्षात राहायला लागलं. मूड एकदम छान झाला असं नाही, पण अंगात ताकद आल्यावर काउन्सेलरने सांगितलेल्या गोष्टी करणं जमायला लागलं आणि माझ्यासाठी तेच मोठं होतं. पण हे औषध म्हणून मूडवर काम करतंय असं नाही, मुळात जी कमतरता होती ती भरून निघाली. ज्याचं बी१२ व्यवस्थित आहे त्याला असाच फरक पडेल असं मी म्हणणार नाही.

व्हिटॅमिन डीचंही तसंच. कमी होतं म्हणून घेतलं, लेव्हल वर आली, अंगदुखी कमी झाली, मूडवर वेगळा असा काही परिणाम दिसला नाही. अमेरिकेत ५० वर्षांवरच्या १८ हजारांहून जास्त लोकांवर एक मोठी चाचणी झाली, त्यात रोज २००० युनिट डी३ पाच वर्षांच्या आसपास दिलं आणि डिप्रेशन टाळण्यात डमी गोळीपेक्षा काही फरक दिसला नाही, २०२० मध्ये निकाल आले. त्यामुळे लेव्हल चांगली असताना मूडसाठी म्हणून डी घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही, आणि मनाने मोठे डोस घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो तो वेगळाच.

आता ओमेगा-३, ज्यावर मी सगळ्यात जास्त डोकं घातलं. बाटलीवर समोर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं १००० एमजी. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. माझ्या पहिल्या बाटलीच्या मागे लिहिलं होतं ईपीए १८० एमजी, डीएचए १२० एमजी, हे दोन ओमेगा-३ चेच प्रकार. म्हणजे १००० एमजी हे माशाच्या तेलाचं वजन, त्यात कामाचं फक्त ३००. आणि डिप्रेशनसाठी ज्या अभ्यासांत थोडाफार फायदा दिसलाय त्यात ईपीए जास्त असलेलं तेल होतं, ईपीए आणि डीएचए मिळून जे होतं त्यातलं किमान ६० टक्के ईपीए, आणि दिवसाला साधारण १ ते २ ग्रॅम ईपीए. हिशोब करा, त्या बाटलीतून १ ग्रॅम ईपीए पोटात जायला रोज पाच-सहा कॅप्सूल लागतील! लोक एक कॅप्सूल घेतात, दोन महिन्यांनी म्हणतात काही होत नाही, आणि त्यांचं बरोबरच असतं, एवढ्याशा डोसमध्ये काही दिसायची शक्यताच कमी. मी डॉक्टरांना विचारून ईपीए जास्त असलेलं कॉन्सन्ट्रेटेड तेल घेतलं. जवस खाऊन भागेल का असं मला बऱ्याच जणांनी विचारलं, तर जवसात असतं ते एएलए, ओमेगा-३ चा वेगळा प्रकार, शरीर त्याचं ईपीए फार थोडं बनवतं. शाकाहारी लोकांसाठी शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं पण त्यातल्या बऱ्याच प्रकारांत डीएचएच जास्त असतं, तेव्हा तिथेही लेबल वाचूनच घ्या.

फरक पडला का, तर थोडा, आणि सावकाश. पहिले काही आठवडे फक्त माशाच्या वासाचे ढेकर, ते जेवणासोबत घेतल्यावर कमी झाले. दुसऱ्या महिन्यात कुठेतरी चिडचिड कमी झाल्यासारखी वाटली. माझं मत विचाराल तर सप्लिमेंट म्हणून चालू ठेवण्यासारखं हे आहे, पण अभ्यासांतही फायदा छोटाच दिसतो आणि डिप्रेशन नसलेल्या माणसाने ते टाळण्यासाठी घ्यावं याला आधार नाही, वर सांगितलेल्या चाचणीत ओमेगा-३ चाही भाग होता आणि त्यातही बचाव दिसला नव्हता. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, मोठ्या डोसमध्ये ठोक्यांची गडबड वाढल्याचं आढळलंय.

अश्वगंधा. यावर माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही. झोप सुधारली, ते खरंच. पहाटेची जाग उशिरावर गेली. पण पोट बिघडायचं, दिवसाही सुस्ती, आणि उदासीवर म्हणाल तर मला काहीच वाटलं नाही. याचे जे अभ्यास आहेत तेही मुख्यतः स्ट्रेस, काळजी आणि झोपेवरचे आहेत, साधारण ३०० ते ६०० एमजी मुळाचा अर्क आणि आठेक आठवडे, डिप्रेशनवर म्हणून पुरावा कमीच. शिवाय याने थायरॉईड हार्मोन वाढू शकतात आणि लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदवल्या गेल्यात. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये बंदीच घातली. आपल्याला लहानपणापासून नाव माहीत असतं म्हणून निर्धास्त वाटतं, पण अर्काची कॅप्सूल आणि पारंपरिक पद्धतीने वैद्यांच्या देखरेखीखाली घेणं यात फरक आहे. गरोदर असाल, थायरॉईडची गोळी चालू असेल, लिव्हरचा त्रास असेल तर लांब राहा. मी बंद केली.

केशराचा अर्क. केशराने मूड सुधारतो हे ऐकून मला आधी विश्वास बसला नव्हता, पण यावर खरंच चाचण्या झाल्यात, दिवसाला ३० एमजी अर्क, सहा ते आठ आठवडे, आणि सौम्य-मध्यम डिप्रेशनमध्ये निकाल चांगले आलेत. अडचण एवढीच की चाचण्या लहान लहान आहेत आणि त्यातल्या बऱ्याच इराणमधल्या, इतर देशांत मोठ्या प्रमाणावर व्हायला हव्यात. माझा अनुभव चांगला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर सकाळचा जडपणा कमी झाला. भावाचा फोन आला की आधी मी स्क्रीनकडे बघत बसायचे, वाजून वाजून बंद होईपर्यंत, मग फोन पालथा घालून ठेवायचे. या काळात एकदा फोन वाजला आणि मी सरळ उचलला, बोलूनही झालं आणि मग लक्षात आलं की आज उचलताना जोर लावावा लागला नाही. हे केशराने झालं, काउन्सेलिंगने झालं, की दिवसच पालटले होते म्हणून झालं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, सौम्य डिप्रेशन बऱ्याचदा आपोआपही ओसरतं आणि डमी गोळी घेणाऱ्यांतही कितीतरी जणांना बरं वाटतं.

म्हणूनच मी एक नियम ठेवला होता, एका वेळी एकच नवीन गोष्ट, निदान सहा आठवडे, आणि दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ भरायचं. नऊ प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं यावर, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. पाचच्या पुढे सौम्य, दहाच्या पुढे मध्यम, पंधराच्या वर गेलं की गाडी गंभीरकडे चाललीय. माझा सुरुवातीला १३ होता, आता पाच-सहाच्या आसपास असतो. यावरून निदान होत नाही, पण "बरं वाटतंय बहुतेक" यापेक्षा कागदावरचा आकडा बरा, कारण डिप्रेशनमध्ये गेल्या महिन्यात कसं होतं हेच नीट आठवत नाही. आणि यातला नववा प्रश्न जीव देण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याच्या ऐवजी दुसरं काहीही येत असेल तर माझा रिव्ह्यू वाचणं थांबवा आणि आजच्या आज डॉक्टरांशी आणि घरातल्या कुणाशी तरी बोला, ही सप्लिमेंट्सची वेळ नाही, खरंच.

आता जे घेतलं नाही ते, सेंट जॉन्स वॉर्ट. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त पुरावा याच्याच मागे आहे. २००८ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा आढावा) २९ चाचण्या आणि ५४८९ पेशंट होते आणि ते डमी गोळीपेक्षा सरस आणि नेहमीच्या अँटिडिप्रेसंटच्या तोडीचं ठरलं होतं, जर्मन भाषिक देशांतले निकाल जास्तच चांगले. उलट २००२ मध्ये अमेरिकेत ३४० पेशंटवर झालेल्या चाचणीत ते डमीपेक्षा वरचढ ठरलं नाही, अर्थात त्यात सर्ट्रालिन हे नेहमीचं अँटिडिप्रेसंटही मुख्य मोजमापांवर ठरलं नव्हतं. तर म्हणजे हे औषध आहे, आणि औषधासारखंच इतर औषधांत ढवळाढवळ करतं. लिव्हरमधलं सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम याने वाढतं, मग बाकीची औषधं शरीरातून लवकर बाहेर फेकली जातात. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, एचआयव्हीची औषधं, सगळ्यांचा असर कमी होतो. २००० साली हृदय बदललेल्या दोन पेशंटमध्ये यामुळे सायक्लोस्पोरिनची (शरीराने नवीन अवयव नाकारू नये म्हणून देतात ते औषध) पातळी घसरून शरीर नवीन हृदय नाकारायला लागल्याची नोंद आहे. मी गर्भनिरोधक गोळी घेते, त्यामुळे विषयच संपला.

माझी एक मैत्रीण एसिटॅलोप्रॅम ही अँटिडिप्रेसंट गोळी घेते, ती म्हणाली, "अगं, नॅचरलच आहे ना, दोन्ही घेतलं तर बिघडतं कुठे?" बिघडतं गं, खूप बिघडतं. दोन्ही मिळून सेरोटोनिन (मेंदूतलं मूडशी संबंधित रसायन) प्रमाणाबाहेर वाढतं, ताप, थरथर, धडधड, गोंधळलेपण, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर जिवावर बेततं. मूडसाठी विकलं जाणारं ५-एचटीपी हे सप्लिमेंट, त्याचंही तेच. आणि गोळी एकदम सोडून सप्लिमेंटवर यायचं हा विचारही मनातून काढा, सोडायचीच असेल तर ज्यांनी दिली त्यांच्याकडूनच हळूहळू कमी करून घ्या. तिला मी हे सगळं बसून समजावलं, आता ती डॉक्टरांना विचारूनच ठरवते.

शुद्धतेचा प्रश्नही आहेच. १९८९ मध्ये अमेरिकेत एल-ट्रिप्टोफॅन नावाचं सप्लिमेंट घेणाऱ्या हजारावर लोकांना स्नायूंचा भयंकर आजार झाला, तीसहून जास्त दगावले, आणि तपास एका उत्पादकाच्या मालातल्या अशुद्धीपर्यंत गेला. तेव्हा स्वतंत्र लॅबकडून तपासलेलं उत्पादन बघा, अर्क किती टक्क्यांचा आहे ते लिहिलंय का बघा, आणि "प्रोप्रायटरी ब्लेंड" म्हणून दहा वनस्पतींची नावं आणि एकाचाही आकडा नाही असलं काही असेल तर मी तरी हात लावत नाही. अजून एक, केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्ततपासणीच्या आधी लॅबला सांगा, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

सध्या माझं बी१२ आणि ओमेगा-३ चालू आहे, डी कमी डोसवर. केशर डॉक्टरांशी बोलून या महिन्यात थांबवलंय, ते नसताना आकडा कुठे जातो ते बघायचंय. बी१२ आणि डीची तपासणी परत करायची आहे, तेव्हा बाटल्यांचे फोटो घेऊन जाणार, कारण नुसतं "व्हिटॅमिन घेते" म्हटलं की डॉक्टरांना काही कळत नाही.