ईएमडीआर की प्रोलाँग्ड एक्स्पोजर?

वानवडीतल्या एका निवृत्त सुभेदारांच्या पत्नीने विचारलं, "ह्यांच्यासाठी यातलं कोणतं घेऊ?" पीटीएसडीवर, म्हणजे एखाद्या भयंकर प्रसंगानंतर मनाला जडणाऱ्या त्रासावर, बोलून करायचे हे दोन्ही मानसोपचार सिद्ध झालेले आहेत. वेळही साधारण सारखाच: आठवड्याला एक सत्र, काही महिने.

खरा फरक बोलण्यात आहे. प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये तो प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय असा, पुन्हा पुन्हा सांगायचा. घरी रोज त्याचं रेकॉर्डिंग ऐकायचं. शिवाय टाळलेल्या ठिकाणी, समजा लक्ष्मी रोडच्या गर्दीत, टप्प्याटप्प्याने जायचं. हे सोपं नाही, घरच्यांची साथ असेल तर बरं. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून थेरपिस्टच्या बोटामागे नजर फिरवायची. सगळा तपशील उघड सांगावा लागत नाही, गृहपाठही फारसा नाही.

खर्चाचं म्हणाल तर ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर आधी पॉलिक्लिनिकमध्ये रेफरल विचारा. थेरपिस्टने त्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय का, हे निःसंकोच विचारा.

ज्यांच्या तोंडून शब्दच फुटत नाही, त्यांना ईएमडीआर. ज्यांचं घराबाहेर पडणं थांबलंय आणि सोबतीला कोणी आहे, त्यांना प्रोलाँग्ड एक्स्पोजर. जीव नकोसा झाल्याचं बोलत असतील तर मात्र निवड बाजूला ठेवून आजच मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालू असतो.