जुळवता येणारा आरसा की जन्मतः नेटका: क्ष-किरण दुर्बिणीसाठी निवड

अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीचा आरसा ठरवताना सगळे वाद शेवटी भिंतीच्या जाडीवर येऊन ठेपतात. क्ष-किरण आरशावर समोरून पडले तर शोषले जातात. अगदी तिरके, जेमतेम अंशभराच्या कोनात पृष्ठभागाला घासून गेले तरच ते परावर्तित होतात. त्यामुळे हा आरसा नळकांड्यासारखा दिसतो आणि पुरेसे किरण गोळा करायचे तर अशी अनेक नळकांडी डब्यात डबा ठेवावा तशी एकात एक बसवावी लागतात. भिंत जाड ठेवली तर आकार टिकतो, पण डबे कमी मावतात. पातळ केली तर डबे वाढतात, पण आकार हलतो. 1999 च्या जुलैमध्ये अवकाशात गेलेल्या ‘चंद्रा’ या अमेरिकी दुर्बिणीने पहिला मार्ग धरला: सुमारे 2 सेंटीमीटर जाड काचेच्या आरशांच्या फक्त 4 जोड्या, वजन जवळजवळ 1 टन आणि विभेदन, म्हणजे बारीक तपशील वेगळे दाखवण्याची क्षमता, अर्ध्या विकलेचे (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेलेल्या ‘एक्सएमएम-न्यूटन’च्या तिन्ही दुर्बिणींत निकेलची प्रत्येकी 58 कवचे आहेत आणि त्यांतले सर्वांत जाड कवचही 1 मिलिमीटरच्या आसपास भरते. तिथे किरण कितीतरी अधिक जमा होतात, पण प्रतिमा सुमारे 15 विकलांपर्यंत पसरते.

ठळक स्रोतांचा वर्णपट किंवा काळानुसार होणारे बदल एवढेच पाहायचे असतील, तर खरे म्हणजे या वादात पडण्याचे कारण नाही. 2015 मध्ये गेलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’साठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या मृदू (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरण दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचे 320 आरसे आहेत. तिची प्रतिमा काही कलांपर्यंत (एक कला म्हणजे 60 विकला) पसरते आणि तरीही तिने उत्तम काम केले आहे.

‘चंद्रा’इतकी तीक्ष्ण नजर आणि तिच्या वीसपटीहून मोठे संकलनक्षेत्र ही दोन्ही हवी असतील, तर मात्र निवड अवघड होते. ‘लिंक्स’ या प्रस्तावित दुर्बिणीच्या अभ्यासगटापुढे नेमका हाच पेच होता. तुकडे न जोडता अखंड घडवलेल्या पूर्ण नळकांड्यांचा पर्यायही तेव्हा विचारात होता. पण ज्यांची तुलना खरोखर उद्बोधक आहे, असे पर्याय दोनच.

पहिला पर्याय एकस्फटिकी सिलिकॉनचा. यात जाड ठोकळ्याचाच पृष्ठभाग आधी घडवतात, मग त्यावरून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा काप काढतात, रसायनाने कापणीचा ताण घालवतात आणि शेवटचे पॉलिश करतात. स्फटिकात अंतर्गत ताण जवळजवळ नसल्यामुळे काप वेगळा झाला तरी वाकत नाही. ‘लिंक्स’च्या आराखड्यात असे सुमारे 37 हजार तुकडे होते. प्रत्येक तुकडा जमिनीवरच मोजून, पारखून बसवायचा आणि नंतर त्याला हात लावायचा नाही, असा हा मार्ग आहे.

दुसरा पर्याय जुळवता येणाऱ्या आरशाचा. सुमारे 0.4 मिलिमीटर जाडीची काच तापवून साच्यावर मऊ पाडतात आणि तिच्या पाठीवर शिसे, झिर्कोनियम व टायटॅनियम यांच्या ऑक्साइडचा जेमतेम दीड मायक्रॉनचा पिझोविद्युत, म्हणजे विद्युतदाब दिला की आकार बदलणारा, थर चढवतात. या थरावर चौकोनी विद्युतअग्रांची जाळी असते. तळहाताएवढ्या तुकड्यावर शंभराहून अधिक चौकोन मावतात. एखाद्या चौकोनाला 10 व्होल्टांपेक्षाही कमी दाब दिला की त्याखालचा थर पृष्ठभागाला समांतर आक्रसतो आणि काच तेवढ्या जागी किंचित वाकते. बसवताना आलेला ताण, परावर्तक इरिडियमच्या लेपाने ओढली गेलेली काच, जमिनीवरचे गुरुत्व अवकाशात नाहीसे झाल्यावर सुटलेला बाक, हे सारे दोष अशा रीतीने नंतर काढता येतात.

कल्पना मोहक आहे, हे मान्य. पण पृष्ठभागावरच्या चढउतारांच्या, चौकोनाच्या आकारापेक्षा लहान लहरी या जाळीला दुरुस्त करता येत नाहीत आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा तर मुळीच नाही; म्हणजे काचेचा खडबडीतपणा मुळातच नॅनोमीटरहून कमी असावा लागतो आणि उत्तम घडणावळीपासून सुटका होत नाही. थर स्फटिकरूप व्हावा म्हणून काच 550 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावी लागते, तेव्हा तिचा आकार पुन्हा बिघडण्याची भीती असते. हजारो तुकड्यांना प्रत्येकी शंभर चौकोन धरले तर विद्युतजोडण्यांची संख्या लाखांत जाते. माझ्या मते सर्वांत मोठी अडचण मोजमापाची आहे: कक्षेत गेल्यावर सगळ्या तुकड्यांतून आलेले किरण एकाच ठिपक्यात मिसळलेले असतात, तेव्हा नेमका कोणता तुकडा चुकला हे ओळखल्याशिवाय व्होल्टेज कुठे द्यायचे ते कळत नाही. सिंक्रोट्रॉनवर (जमिनीवर तीव्र क्ष-किरण निर्माण करणाऱ्या यंत्रावर) पिझो आरसे वर्षानुवर्षे वापरात आहेत खरे. पण तिथे आरसा एखाददुसरा असतो आणि तंत्रज्ञ जवळ असतो.

‘लिंक्स’च्या गटाने अखेर सिलिकॉनला पसंती दिली आणि 2024 मध्ये पुढील अभ्यासासाठी निवडल्या गेलेल्या, दुसऱ्या एका क्ष-किरण दुर्बिणीच्या ‘अ‍ॅक्सिस’ प्रस्तावातही तेच आरसे आहेत. येत्या दहा वर्षांत उडवायची दुर्बीण असेल तर मीही तेच सुचवीन. मात्र तुकडे एकेकटे उत्तम भरूनही चौकटीत बसवल्यावर बिघडत असतील, आणि तो बिघाड काही सेंटीमीटर लांबीच्या लहरींचा असेल, तर जुळवता येणाऱ्या आरशावर पैसा आणि वेळ घालणे योग्य ठरेल. म्हणून निवडीआधी बसवलेल्या एका तुकड्याच्या दोषांचा लहरलांबीनुसार आलेख मागवावा.