घर घेताय? मग वकील कुणाचा घ्यायचा, बिल्डरचा, बँकेचा, एजंटचा की स्वतःचा?

ठाण्यात ९० लाखांचा फ्लॅट घ्यायचा म्हटला की मुद्रांक शुल्क अधिभारांसकट ७ टक्क्यांनी ६ लाख ३० हजार होतं. नोंदणी फी १ टक्का, पण ती ३० हजारांच्या वर जात नाही, म्हणून ३० हजार. एजंट मध्ये असेल तर त्याची दलाली वेगळी. एवढं सगळं आपण मुकाट्याने भरतो आणि घासाघीस करतो ती नेमकी वकिलाच्या फीवर. फी किती हा प्रश्न आहेच, पण त्याआधी एक बघा: हा वकील उद्या कुणाला उत्तर देणार? तुम्हाला, की दुसऱ्या कुणाला? ठाणे-नवी मुंबईत जे पर्याय समोर येतात, त्यांची तुलना मी याच एका प्रश्नावर करतो.

बिल्डरचा वकील

नवीन प्रकल्पाच्या कॉस्ट शीटमध्ये ‘लीगल चार्जेस’ म्हणून एक ठोक रक्कम असते. ती भरली की आपल्याला वकील मिळाला असं वाटतं. तो वकील बिल्डरचाच असतो, करारनामाही त्यानेच बिल्डरच्या सोयीने लिहिलेला असतो. त्याचा टायटल रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीचा तपासणी अहवाल, महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर असतो, तो जरूर वाचा, फुकट आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून तिथे रेरा नोंदणी मिळवली होती आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. बांधकाम परवानगीचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागाकडून पडताळून घेणं हे काम बिल्डरचा वकील तुमच्यासाठी करणार नाही.

तरीही नवीन घराच्या बाबतीत कायदा बऱ्यापैकी तुमच्या बाजूने आहे. नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. जमिनीच्या मालकीत दोष निघाला तर भरपाई मागायला मुदतीचं बंधन नाही. त्यामुळे इथे स्वतःच्या वकिलाचं काम मर्यादित असतं: परवानग्या पडताळणं आणि महारेराच्या नमुना करारनाम्यापासून बिल्डर कुठे सरकलाय ते शोधणं. फीसुद्धा त्याच मानाने द्या.

बँकेचा पॅनल वकील

‘लोन पास झालं म्हणजे टायटल क्लिअर’ हे वाक्य प्रत्येक सोसायटीत कुणीतरी ऐकवतंच. बँकेचा वकील एवढंच पाहतो की हप्ते थकले तर बँकेला हे घर विकता येईल का. पार्किंग खरंच फ्लॅटसोबत येतंय का, आधीच्या मालकाचा मेंटेनन्स किती थकलाय, सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केलाय का, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. फी बहुतेक तुमच्याच खिशातून जाते आणि अहवाल बँकेच्या फाइलमध्ये पडून राहतो. प्रत मागा, काही शाखा देतात. दुसरं मत म्हणून हा अहवाल मोलाचा आहे. बँकेने कायदेशीर कारणावरून कर्ज नाकारलं असेल तर तिथेच थांबा. दुसरी बँक शोधत बसू नका.

एजंटचा ‘डॉक्युमेंटेशनवाला’

करारनामा टाइप करणं, पब्लिक डेटा एन्ट्री (दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरणं), दुय्यम निबंधकाकडे वेळ घेणं, साक्षीदार आणणं. ही कामं तो झटपट करतो, त्यासाठी त्याला जरूर घ्या. पण मालकी तपासणं हे त्याचं काम नाही आणि बऱ्याचदा त्याच्याकडे सनद, म्हणजे वकिलीचा परवानाही नसतो. स्टॅम्प, नोंदणी आणि त्याची मजुरी मिळून एकच आकडा सांगितला तर तिन्ही वेगळे लिहून मागा.

स्वतःचा, स्थानिक वकील

रिसेल फ्लॅट असेल तर माझं मत ठाम आहे: याला पर्याय नाही. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर भागातल्या जुन्या इमारतींत एकेक फ्लॅट तीन-चार हातांतून गेलेला असतो. पहिला करार १९८५ च्या डिसेंबरआधीचा असेल तर तो किरकोळ रकमेच्या स्टॅम्प पेपरवर आणि बिननोंदणीचा असू शकतो. मधला एखादा करार हरवलेला असतो. त्यासाठी पोलिसांत तक्रार आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस लागते. मालक वारला असेल तर सोसायटीच्या दप्तरी नॉमिनीचं नाव असतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांचं हक्कसोडपत्र किंवा कोर्टाचा दाखला नसेल तर उद्या बेळगावहून एखादी बहीण हिस्सा मागत उभी राहू शकते.

वकील नीट काम करतोय का, हे त्याच्या सर्च रिपोर्टवरून, म्हणजे निबंधक कार्यालयातल्या जुन्या नोंदी शोधून केलेल्या अहवालावरून कळतं. चांगल्या रिपोर्टमध्ये तीस वर्षं एकाखाली एक मांडलेली असतात. बहुतेक ओळींपुढे ‘निरंक’ (त्या वर्षी काही नोंद नाही), एखाद्या वर्षापुढे दस्त क्रमांक आणि दोन्ही पक्षांची नावं, आणि मध्येच कुठेतरी ‘इंडेक्स टूची पाने फाटलेली’ (इंडेक्स टू म्हणजे नोंदलेल्या दस्तांची सूची). ही फाटलेल्या पानांची ओळ ज्यात आहे त्या रिपोर्टवर माझा जास्त विश्वास बसतो. तो वकील, निदान त्याचा माणूस, निबंधक कार्यालयात जाऊन रजिस्टर बघून आलाय. त्या वर्षांपुरता धोका जाहीर नोटिशीने झाकायचा की मूळ करार पाहून, हे मग त्याच्याशी बोला. सोबत सर्चच्या सरकारी चलनाची पावती हवीच. ‘मालकी निर्वेध आहे’ (म्हणजे तिच्यावर बोजा किंवा वाद नाही) एवढ्या एका वाक्याच्या, पावतीविना आलेल्या रिपोर्टला एक रुपयाही देऊ नका.

फी टक्केवारीत ठरवू नका. ९० लाखांवर अर्धा टक्का म्हणजे ४५ हजार, आणि शेजारच्या टॉवरमधल्या १ कोटी ८० लाखांच्या फ्लॅटवर ९० हजार. कागद तेवढेच, काम तेवढंच. ठोक रक्कम ठरवा आणि तिचे तीन तुकडे करा: सर्च आणि लेखी अभिप्राय, करारनाम्याचा मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी. पहिल्या टप्प्यात गडबड निघाली तर पुढचे दोन द्यावे लागत नाहीत, आणि व्यवहार पार पाडायची घाई वकिलालाही राहत नाही. आणखी एक, राहण्यासाठी घर घेणाऱ्या व्यक्तीला वकिलाने दिलेल्या कायदेशीर सेवेवर जीएसटी नसतो. बिलात १८ टक्के दिसले तर विचारा.

पहिल्या भेटीतच वकील पारखता येतो. घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे वरच्या उदाहरणात ९० हजार. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची. विकणारा परदेशस्थ असेल तर हा दर लागू नाही, कपात बरीच जास्त असते. हे न विचारता सांगणारा वकील धरून ठेवा.

फोर्टमधला सॉलिसिटर

घर घ्यायला सॉलिसिटरच हवा असा नियम नाही, सनद असलेला कुठलाही वकील चालतो. फर्मचा खर्च मी दोन-तीन प्रसंगीच करीन: बंगल्याचा प्लॉट, वारसांचा चालू दावा, किंवा येऊरच्या डोंगराच्या पायथ्याजवळ जमिनीच्या सातबाऱ्यावर खासगी वनाचा किंवा कमाल जमीन धारणेचा शेरा. साध्या टू बीएचकेला ती फी वाया जाते.

नवी मुंबईचं वेगळं आहे

वाशी-नेरुळला घर घेताना ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरचा ओळखीचा वकील घेऊन जाऊ नका. इथली बहुतेक जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. फ्लॅट हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. सध्याचा दर लेखी घ्या आणि तो कोण भरणार हे करारनाम्यात घाला. सत्तरच्या दशकातल्या भाडेपट्ट्यांची मुदत आता दहा-पंधरा वर्षांच्या आत संपते, म्हणून पट्ट्याची तारीख विचारा. साडेबारा टक्के योजनेतला (जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना दिलेला) प्लॉट असेल तर मूळ प्रकल्पग्रस्ताच्या सगळ्या वारसांच्या सह्या आणि त्रिपक्षीय करारनामा बघायला हवा. गावठाणालगतच्या स्वस्त इमारतींत भोगवटा प्रमाणपत्र आधी मागा. दिघ्यात २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने अनधिकृत इमारतींवर हातोडा पडला, तेव्हा आत राहणारे लोक पैसे मोजूनच आलेले होते. बेलापूरला सिडको भवनात ज्याची नेहमी ये-जा आहे असाच वकील इथे उपयोगाचा. खारघर-कामोठे तर रायगड जिल्ह्यात, त्यांचा सर्च पनवेलला.

कुठलाही वकील घेतलात तरी त्याला टोकन देण्याआधी गाठा. ‘उद्या दुसरी पार्टी येतेय’ असं एजंट म्हणेलच. टोकन द्यावंच लागलं तर रक्कम छोटी ठेवा, चेकने द्या आणि पावतीवर हे वाक्य विकणाऱ्याच्या सहीने लिहून घ्या: ‘खरेदीदाराच्या वकिलास मालकी निर्वेध न आढळल्यास सदर रक्कम सात दिवसांत विनाकपात परत करण्यात येईल.’ या वाक्याला जो विकणारा नाही म्हणतो, त्याचे कागद बघायला वकिलाची फीसुद्धा खर्च करू नका.