टेम्पोवाल्याकडून कलमं आणि लाल माती घेताना आम्ही कसे फसलो, सविस्तर लिहितेय, कृपया वाचा

जून लागला की आमच्याकडे सांगलीत गल्लोगल्ली रोपांचे टेम्पो फिरायला लागतात, भोंगा लावून, "हापूस, केशर, चिकू, लिंबू, घरपोच लावून मिळेल". या वर्षी पण सुरू होतील म्हणून आत्ताच लिहून ठेवतेय. जे गेलं ते गेलं पण दुसऱ्या कुणाचं जाऊ नये.

आमच्या घरामागे साधारण 30 बाय 25 फुटाची मोकळी जागा आहे. वर्षानुवर्षं तिथं जुन्या फरश्या, मोडकी कॉट, कपड्यांच्या दोऱ्या असंच सगळं पडून होतं. 2022 च्या उन्हाळ्यात ह्यांनी आणि मी ठरवलं की आता परसबाग करायचीच, आणि माणूस न लावता आपल्या हातानं करायची. दोन महिने रोज संध्याकाळी आणि रविवारी आम्ही तिघं राबलो, मुलगा तेव्हा आठवीत होता. राडारोडा काढला, जुन्या विटा घासून पुसून त्यांचे तीन वाफे बांधले, प्रत्येक 12 बाय 4 फूट आणि दीड फूट उंच. आमची जमीन काळी, चिकट, पावसात पाणी धरते, म्हणून वाफे वर उचलून घेतले आणि त्यात लाल माती भरायची असं ठरलं. आणि खरं कारण सांगायचं तर सासूबाई. त्यांचं माहेर देवगडकडचं. लग्न होऊन सांगलीत आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली, आणि दर मे महिन्यात एकदा तरी म्हणायच्या की दारात आपलं एक हापूसचं झाड असतं तर. त्या जूनमध्ये दोन महिन्यांसाठी पुण्याला नणंदेकडे गेल्या होत्या, तेव्हा त्या यायच्या आत सगळं लावून त्यांना दाखवायचं असं आमच्या मनात होतं.

टेम्पोवाला दारात आला तो नेमका अशा वेळी. बोलायला एकदम गोड, ताई ताई करत आत आला, वाफे बघून म्हणाला काय सुंदर काम केलंय, स्वतः केलं का? मग स्वतःच विषय काढला की माती पण मी देतो, पन्हाळ्याकडची अस्सल लाल माती, गांडूळखत माझं स्वतःचं, आणि कलमं थेट देवगडवरून आणलेली. पावती मागितली तर म्हणाला काम झाल्यावर सगळ्याची एकदमच देतो. मी ऐकून घेतलं. इथंच थांबायला पाहिजे होतं.

हिशोब असा झाला. मातीच्या तीन ट्रॉल्या, एका ट्रॉलीत एक ब्रास (100 घनफूट) असं सांगून 4500 प्रमाणे 13500. गांडूळखताची 40 किलोची म्हणून 10 पोती, 400 प्रमाणे 4000. आंब्याची तीन कलमं, दोन हापूस एक केशर, 650 प्रमाणे 1950. चिकूचं कलम 550, कागदी लिंबू 150. एकूण 20150, वरचे 150 त्याने सोडले आणि आम्हाला वाटलं माणूस भला आहे. वर लॉन लावून देतो म्हणाला त्याचा 3000 ॲडव्हान्स. पैसे फोनवरून पाठवले, नंबर त्याने सांगितला तो, नाव वेगळंच दिसलं तेव्हा म्हणाला मेव्हण्याचं खातं आहे. म्हणजे 23000 गेले आणि हातात एक चिठ्ठी पण नाही.

पहिला संशय मुलाला आला. तीन ट्रॉल्या माती आली, आम्ही घमेल्यानं भरायला लागलो, दोन वाफे भरले आणि तिसऱ्याच्या अर्ध्यापर्यंत पण ढीग पुरला नाही. तो म्हणाला आई, एक वाफा 12 गुणिले 4 गुणिले दीड म्हणजे 72 घनफूट, तीन वाफे 216, आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, मग तीन ब्रासमध्ये तिन्ही भरून 84 उरायला पाहिजे होती, झाडांच्या खड्ड्यांना पण पुरली असती. मी म्हटलं माती दबते रे. दबते हे खरंच आहे पण इतकी नाही दबत. नंतर कोपऱ्यावरच्या बांधकामावर तशीच ट्रॉली उभी होती ती ह्यांनी टेपने मोजली, आतून 8 फूट लांब, 5 फूट रुंद आणि फळी दीड फूट, म्हणजे काठोकाठ भरली तरी 60 घनफूट. मधोमध ढीग उंच केला की बघणाऱ्याला भरगच्च दिसते, कडेला मात्र फळीच्या खालीच असते. आम्ही तीन ब्रासचे पैसे दिले आणि जेमतेम पावणेदोन ब्रास माती घेतली.

आणि ती माती तरी कुठली. पहिला मोठा पाऊस पडला तसं वाफ्यातून लाल पाणी वाहायला लागलं, भिंतीवर डाग पडले, आणि वर बारीक बारीक विटांचे तुकडे उघडे पडले. मूठभर चाळणीत घेऊन नळाखाली धरली तर खाली मुरूम आणि वीटभट्टीचा चुरा, माती अशी थोडीच. लाल रंग होता तो विटांचा. आमच्याकडे नदीकाठाला वीटभट्ट्या आहेत, तिथला चुरा मुरमात मिसळला की बघायला एकदम घाटमाथ्याची माती.

खताचं त्याहून वाईट. खरं गांडूळखत चहाच्या पावडरीसारखं असतं, मोकळं, वास आला तर पहिल्या पावसाच्या मातीसारखा. ह्याची पोती उघडली की शेणाचा उग्र वास यायचा, आम्हाला वाटलं ताजं आहे म्हणून असेल. उरलेलं एक पोतं नंतर किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं तर 28 किलो भरलं. त्यातलं मूठभर काचेच्या ग्लासात पाणी घालून ढवळून ठेवलं तर दहा मिनिटांत तळाला बोटभर वाळू. आणि कच्चं शेण असल्यामुळे त्यातून हुमणी आली. उसाच्या भागातल्या लोकांना सांगायला नको हुमणी म्हणजे काय, पण ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, पांढरी जाड अळी, इंग्रजी सी सारखी वाकडी, डोकं तपकिरी, मातीत राहून मुळं खाते. वांग्याची रोपं सकाळी तरतरीत आणि दुपारी माना टाकलेली, उपटायला गेलं तर नुसता दांडा हातात. एका वाफ्यातून आम्ही हाताने वेचून 40 च्या वर अळ्या काढल्या. भाजीपाल्याचा तो सगळा हंगाम गेला.

पण हे सगळं सोसलं असतं. कलमांचं जे केलं ते मला आजही सहन होत नाही.

कलमांना बुडापासून वीतभर उंचीवर पांढरी प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली होती. टेम्पोवाल्याने बजावून सांगितलं होतं की ताई ही पट्टी वर्षभर अजिबात सोडायची नाही, हवा लागली की कलम मरतं. आम्ही इमानदारीत सोडली नाही. सासूबाई ऑगस्टच्या शेवटी, गणपतीच्या आधी आल्या. पहिल्या दिवशी झाडं बघून त्यांच्या डोळ्यात पाणीच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन मागं गेले तर त्या हापूसपाशी खाली बसलेल्या, त्यांना आता नीट दिसत नाही, पण अंगठ्यानं त्या पट्टीवरून खालून वर, वरून खाली चाचपत होत्या. मग नखानं पट्टीचं टोक मोकळं केलं आणि हळूहळू उलगडली. आत काहीच नव्हतं. कलमाला सांधा असतो, खालचा खुंट म्हणजे मुळांचं रोप आणि वरची चांगल्या झाडाची काडी जिथं जुळलेली असते तिथं गाठ लागते, खालची साल वेगळी वरची वेगळी, तिरकी किंवा पाचरीसारखी खूण दिसते. इथं बुडापासून शेंड्यापर्यंत एकच गुळगुळीत हिरवा दांडा. फक्त एका जागी ब्लेडनं वरवर चीर मारलेली, पट्टीच्या आतून पुसट खूण दिसावी म्हणून. त्या एवढंच म्हणाल्या, "अगो, ह्यां कलम न्हय." मग उरलेली दोन पण सोडली. तिन्ही तशीच. कोयीतून उगवलेली साधी रोपं, 650 ला एक.

ज्यांना फरक माहीत नाही त्यांनी समजून घ्या. कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरतं आणि ते मूळ झाडासारखंच असतं. कोयीच्या रोपाला आठ-दहा वर्षं लागतात, आणि हापूसची कोय लावली तरी त्यातून हापूसच येईल असं नाही, रायवळ, म्हणजे साधा गावठी आंबा, काहीतरी निघतं. म्हणजे सासूबाईंनी हात लावला नसता तर आम्हाला ही फसवणूक आठ-दहा वर्षांनी कळली असती. त्या आज 74 वर्षांच्या आहेत. तो माणूस ह्या हिशोबावरच धंदा करतो, फळ धरेपर्यंत त्याला विचारायला कोण जाणार?

चिकूचं पण तेच. चिकूचं कलम खिरणी नावाच्या दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बांधतात. आमच्या कुंडीत नुसती खिरणी होती, वरची चिकूची काडी केव्हाच वाळून गेलेली, ती पट्टीत तशीच बांधून ठेवली होती आणि खालून खिरणीचे फुटवे आले होते. ते हिरवे फुटवे बघून आम्ही खूश होत होतो. लिंबू तेवढं लिंबू आहे.

फोन लावला तर आधी दोन दिवस उचलला, बघतो ताई, बदलून देतो ताई, मग बंद. लॉनचे 3000 तर विसराच. कृषी खात्याच्या ऑफिसमध्ये गेलो, तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं परवाना नंबर काय, पावती कुठाय. तेव्हा कळलं की महाराष्ट्रात फळझाडांची रोपवाटिका चालवायला आणि कलमं विकायला 1969 पासूनचा कायदा आहे, परवाना लागतो, फिरत्या टेम्पोवाल्याकडे तो आहे का हे आपण कधी विचारतच नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर पण फोन केला, तक्रार घेतात, पण समोरच्याचं नाव पत्ता लागतो आणि आमच्याकडे एक बंद नंबर आणि मेव्हण्याचं म्हणून सांगितलेलं नाव. पोलिसात अर्ज दिलाय, तो तसाच आहे. पाच लाखाच्या आतल्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी पण नाही, दोन वर्षांच्या आत जाता येतं, पण कुणाविरुद्ध जाणार? पावती असती तर नक्की गेले असते.

आता कुणी दारात आलं तर मी पहिलं म्हणते पट्टी सोडून दाखव. विकायला आणलेलं कलम काही महिन्यांचं असतं, सांधा जुळून गेलेला असतो, पट्टी सोडल्यानं ते मरत नाही, उलट वर्षभर तशीच ठेवली तर खोडाला काचते. सोडू देत नसेल तर घेऊ नका. ट्रॉली रिकामी करायच्या आधी आतून टेप लावा, लांबी रुंदी उंची गुणा, 100 ने भागा, तेवढे ब्रास आणि तेवढेच पैसे, त्याला राग आला तर येऊ दे. माती बादलीभर पाण्यात ढवळून बघा, खताचं एखादं पोतं काट्यावर ठेवा. आणि पैसे पाठवताना नाव वेगळं दिसलं तर तिथंच हात आवरा.

रोपं आम्ही उपटली नाहीत. सासूबाई म्हणाल्या मूळ तर चांगलं धरलंय, त्याचा काय दोष. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा भाचा गावाहून स्वतःच्या झाडाच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आला, आठ-दहा दिवस आधीच त्यांची पानं कापून ठेवली होती त्याने, काड्यांवरचे कोंब फुगलेले. जागेवरच तिन्ही रोपं वरून छाटली, मधोमध चीर दिली, काडीला पाचर करून त्यात बसवली आणि पट्टी बांधली. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, पट्टी त्यांनीच हातात धरून दिली. एक वाळलं, दोन जगली. दोन्हीला आता सांधा असा ठसठशीत दिसतो की लांबून कळावा, आणि घरी कुणी आलं की त्या पहिलं त्यांना मागं नेऊन तिथं बोट ठेवायला लावतात. चिकूचा खड्डा अजून रिकामाच आहे, भाचा या वर्षी आणतो म्हणालाय.